धरण भरलंय, म्हणूनच हे पत्र

प्रति,
भीमेवरच्या उजनी धरणाच्या पाण्याचं वाटप ठरवणारे सर्व लोकप्रतिनिधी, अधिकारी आणि साखर कारखानदार यांना

सप्रेम नमस्कार.

पाण्यावरची पत्रं आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात लिहायची पद्धत आहे. उजनी उणेमध्ये जाते, म्हणजे साठा वापरायच्या पातळीच्याही खाली उतरतो, पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं, पेपरात त्याचे फोटो छापून येतात आणि मग आम्हा सोलापूरकरांना कंठ फुटतो. तुम्हीही तेव्हा शांतपणे ऐकून घेता, टंचाई आहे, सहकार्य करा, म्हणता. मग पुण्याच्या घाटमाथ्यावर पाऊस सुरू होतो, दौंडकडून धरणात येणारा विसर्ग वाढतो आणि विषय मिटतो.

मी मुद्दाम धरण भरलेलं असताना लिहिते आहे. भांडणं टंचाईत होतात, पण टंचाई जिथून सुरू होते ते निर्णय भरल्या धरणाकडे बघून होतात. अडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टात होते आणि तो पंधरा-अठरा महिने रानात उभा राहतो. म्हणजे पुढच्या वर्षी पाऊस किती पडेल हे कुणालाच ठाऊक नसताना पुढच्या वर्षीचं पाणी आजच कुणाच्या तरी नावावर चढलेलं असतं. २०२३ ला नेमकं हेच झालं. पाऊस हुकला, धरण साठेक टक्क्यांवरच अडकलं आणि २०२४ च्या उन्हाळ्याअखेर उणे साठच्या घरात गेलं. ऑगस्टात पुन्हा भरलं आणि सगळे विसरले. पुढच्याच वर्षी, २०२५ च्या सप्टेंबरात, सीना नदीला महापूर आला. दोन वर्षांत दोन टोकं बघितलेल्या जिल्ह्यात पाणीवाटपाच्या बैठकीचा नमुना मात्र तोच: साठा किती, आवर्तनं (पाणी सोडायच्या पाळ्या) किती, कालव्याला किती, नदीला किती, चहा-बिस्किटं, सह्या.

यात माझा काय संबंध, असं कुणी विचारण्याआधी सांगते. मी शहराच्या पूर्व भागात राहते. आमच्या गल्लीत अजून काही घरांत यंत्रमाग खडखडतात, बाकीच्या घरांत बायका विड्या वळतात. रोज पाणी येत नाही, हे तुम्हाला नवीन नाही. पाण्याचा दिवस असला की घरटी एक माणूस अडकून पडतं. चावीवाला कधी येईल त्याचा नेम नाही. पाणी रात्री दोनला सुटलं तर दोनला उठायचं, मोटर लावायची, पाइप ओढायचा, बॅरल, हंडे, कळशा, शेवटी दह्याचा रिकामा डबासुद्धा भरून ठेवायचा. विडीची मजुरी हजारावर मिळते. पाण्याच्या दिवशी शेजारणीचे हजार कधीच पूर्ण होत नाहीत. त्या बुडालेल्या मजुरीची नोंद तुमच्या कुठल्याच तक्त्यात नसते.

माझा दीर पंढरपूर तालुक्यात नदीकाठी ऊस करतो. माझं माहेर मंगळवेढ्याच्या दक्षिणेला, ज्या चोवीस गावांच्या उपसा योजनेचं नाव आम्ही लहानपणापासून ऐकतो आहोत त्या भागात. भाऊ तिथे ज्वारी करतो. शहरातला नळ, दिराचा ऊस आणि भावाची कोरडी पाइपलाइन, तिन्ही शेवटी एकाच धरणाच्या हिशोबात येतात. म्हणून एका बाजूने बोलायची सोय मला उरलेली नाही.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी आधी सांगते. तुम्ही बैठकीत गणित मांडता, पण प्रश्न गणिताचा नसतो. कुणाला काय जास्त मोलाचं वाटतं, हा खरा प्रश्न असतो आणि तो कुणी तोंडाने बोलत नाही. राज्याचंच उदाहरण घ्या. २००३ च्या जलनीतीत पिण्याचं पाणी पहिलं, उद्योग दुसरा आणि शेती तिसरी होती. २०११ मध्ये शेती दुसऱ्या नंबरावर आली, उद्योग तिसऱ्यावर गेला. मधल्या आठ वर्षांत पाण्याचं शास्त्र बदललेलं नव्हतं. राज्यकर्त्यांना काय जास्त महत्त्वाचं वाटतं ते बदललं, आणि निदान ते कागदावर लिहून तरी बदललं. उजनीवर असा बदल बिनलिखापढीचा होतो. शेती दुसरी म्हणता, पण कुठली शेती? दिराची की भावाची? याचं उत्तर गेल्या चाळीस वर्षांत कालव्यांनी, मोटारींनी आणि कारखान्यांच्या गव्हाणींनी देऊन टाकलं आहे. ते बरोबर की चूक हे बाजूला ठेवू. ते उत्तर कुठल्या बैठकीत, कुणी, कुठल्या कारणाने ठरवलं, एवढंच मला विचारायचं आहे.

दुसरी तक्रार आमच्या तहानेचं नाव वापरण्याबद्दल. सोलापूर शहराला पाणी कमी पडलं की उजनीतून भीमेत पाणी सोडतात, ते टाकळीच्या बंधाऱ्यापर्यंत पोचवतात. एका वेळेला पाच-सहा टीएमसी (अब्ज घनफूट) जातं. शहराची वर्षभराची गरजच दोन-सव्वादोन टीएमसीच्या आसपास, आणि तीही सगळी नदीतून भागत नाही; थेट उजनीची जलवाहिनी आहे, हिप्परग्याचा तलाव आहे. मग बाकीचं पाणी कुठे जातं? पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा आणि नदीकाठच्या गावांच्या पिण्याच्या योजनांना थोडं जातं, उन्हात थोडं उडतं, वाळूत थोडं मुरतं. उरलेलं वाटेतल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत अडतं आणि काठावरच्या मोटारींतून उसाला जातं. पाणी सोडलं की काठावरची वीज तोडावी लागते, यातच सगळं आलं. नदीकाठचा शेतकरी चोर आहे असं मी म्हणत नाही. माझाच दीर त्यात आहे. त्याच्या दारावरून पाणी वाहत जातं आणि त्याचं पीक वाळत असतं, तेव्हा तो काय करेल? माझं म्हणणं इतकंच की या पाण्यावर नदीकाठची शेती जगते, हे सरळ लिहा. 'पिण्यासाठी' अशी पाटी लावून दिलेल्या पाण्यावर कुणाला प्रश्नही विचारता येत नाही, आणि शिव्या मात्र शहराला बसतात. गावाकडे गेलं की मला ऐकावं लागतं, "तुमच्या सोलापूरनं सगळं धरण पिऊन टाकलं."

हे आत्ताच बोलायचं आणखी एक कारण आहे. शहरासाठी रोज १७० दशलक्ष लिटरची नवी समांतर जलवाहिनी झाली. शहराचं सगळं पाणी जलवाहिनीतून येऊ लागलं तर नदीत सोडायची गरज कमी होईल. मग ते वाचलेले टीएमसी कुणाचे? नदीकाठचे म्हणतील आमचे, कारण आजवर तेच त्यावर जगले. कालव्याच्या शेवटाला बसलेले म्हणतील आमचे. चोवीस गावं म्हणतील, आमचा नंबर कधी? आणि नदी कोरडी ठेवली तर आषाढीला चंद्रभागेत वारकरी कशात स्नान करणार, असं माझ्या सासूबाई विचारतील. त्यांचं म्हणणंही हसण्यावारी नेण्यासारखं नाही. माझी भीती एवढीच की हा निर्णय होणारच नाही. पाणी आपोआप जिथे मोटार मोठी आहे तिकडे सरकेल आणि दहा वर्षांनी तोच हक्क होऊन बसेल.

गेल्या संक्रांतीनंतर भावाकडे हुरडा खायला सगळे जमलो होतो. आगटीभोवती बसून गरम हुरडा, शेंगाचटणी, गूळ, दही, सगळं होतं. दिराने कणीस चोळता चोळता सहज विचारलं, "एवढी चांगली काळी जमीन, बोअर घेऊन ऊस का लावत नाही?" भाऊ म्हणाला, "बोअरला पाणी लागलं असतं तर विचारायला तुम्ही आला असता का?" हसले सगळे, पण मग बोलणं वाढत गेलं. दीर म्हणाला, "वहिनी, काय करायचं वो. ज्वारीवर पोरीचं लग्न होत नाही, सोसायटीचं कर्ज फिटत नाही. ऊस वाळला तरी कारखाना नेतो." खरं आहे त्याचं. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर आहे, चौदा दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे, थकले तर आंदोलन करता येतं, साखर आयुक्तांकडे जाता येतं. ज्वारीलाही हमीभाव जाहीर होतो, पण तो भाव घेऊन दारात ट्रक येत नाही. भाऊ म्हणाला, "अक्का, त्यांचा ऊस आणि माझी ज्वारी यांच्यात पाण्याचा फरक नाही, भरवशाचा फरक आहे." त्याच्या शेतातला हुरडा खायला शहरातून माणसं ताटाला पैसे मोजून येतात, आणि तीच ज्वारी फेब्रुवारीत वाळून पोत्यात गेली की आडतीवर तिला कुणी विचारत नाही, हे वेगळंच. (माझ्या मते या जिल्ह्यात हुरडा पार्ट्यांचे फलक जेवढे लागतात तेवढी ज्वारी खरेदी केंद्रं उघडली तरी पुष्कळ झालं.)

ही गोष्ट सांगितली ती घरगुती म्हणून नव्हे. तुमच्या बैठकीत दिराच्या बाजूने बोलणारे बरेच असतात. सभागृहातल्या अनेकांचा एखाद्या तरी कारखान्याशी संबंध आहे आणि ते लपूनही नाही. भावाच्या बाजूने तिथे कुणी नसतं. ज्याला आवर्तन मिळतच नाही त्याला आवर्तनाच्या बैठकीला कशाला बोलवायचं, असा हिशोब असावा. तसा तो असेल तर कोरडवाहू माणूस कायमचाच बाहेर राहणार. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालू आहे. मालदांडी ३५-१ ही ज्वारी मोहोळच्या केंद्रात निवडलेली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. कमी पाण्यात जगायची एवढी विद्या ज्या जिल्ह्याकडे आहे, तोच साखर कारखान्यांच्या संख्येत राज्यात पुढे आहे, आणि सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. उसाला लागतं त्याच्या चौपट. ही निवड आपण सगळ्यांनी मिळून केली असती तर मी गप्प बसले असते. इथे भरवसा एकाच पिकाला दिला गेला आणि मग शेतकऱ्यांना ऊसच आवडतो असं म्हणायला आपण मोकळे.

तिसरी तक्रार मृतसाठ्याची, म्हणजे धरणाच्या तळाला राखून ठेवायच्या पाण्याची. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसीच्या आसपास, त्यातलं साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त आणि साडेत्रेसष्ट टीएमसी मृत. निम्म्याहून जास्त धरण मृतसाठ्यात असलेला असा दुसरा मोठा प्रकल्प पटकन आठवत नाही. २०२४ ला उणे साठ टक्के झालं म्हणजे त्यातलं बत्तीसेक टीएमसी, जवळजवळ निम्मं, आपण काढून वापरलं. कुठे थांबायचं याची रेषा कुठेच आखलेली नव्हती. पाऊस आला म्हणून थांबलो. त्या तळाच्या पाण्यावर मासेमारी करणारी कुटुंबं आहेत, भिगवण-कुंभारगावला उतरणारे रोहित पक्षी आहेत, आणि जो गाळ तळाला आहे त्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं मैलापाणी मिसळलेलं आहे. पाणी जितकं खाली जातं तितकं हिरवं आणि घट्ट होतं, आणि तेच आमच्या नळाला येतं. पुण्याला नदी स्वच्छ ठेवण्यापेक्षा इतर कामं महत्त्वाची वाटली, त्याचा वास आम्ही घेतो. त्यावर तुमच्यापैकी कुणी पुण्यात जाऊन बोललेलं माझ्या ऐकिवात नाही. २०२१ ला पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरला उजनीतून पाच टीएमसी द्यायचा आदेश निघाला तेव्हा मात्र सगळा जिल्हा पक्ष विसरून रस्त्यावर आला आणि आदेश रद्द करून घेतला. पाणी बाहेर जातंय म्हटल्यावर आपण एक होतो. आलेलं पाणी कसं आहे आणि आत कुणाला जातंय, यावर तशी एकी होत नाही.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक पक्ष्याचं काय झालं ते आठवा. १९७९ ला अभयारण्य जाहीर झालं, ८,४९६ चौरस किलोमीटरचं, म्हणजे कित्येक तालुक्यांची शेतं, गावं, रस्ते सगळे नकाशाच्या रेघेत. पक्षी वाचावा हे मोलाचं होतं, यात वाद नाही. पण त्या रेघेत राहणाऱ्याला विचारलं नाही. जमीन विकायला अडचण, बांधकामाला अडचण; माणसं पक्ष्याचं नाव काढलं तरी चिडू लागली. पुढे क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, तोवर गवताळ माळाची जागा पिकांनी घेतली होती आणि माळढोक बोटावर मोजण्याइतकेच उरले होते. शेतकऱ्याची तीसेक वर्षं गेली आणि पक्षीही गेला. चांगल्या हेतूने पण न बोलता घेतलेल्या निर्णयाचा हा आपल्याच अंगणातला निकाल आहे. उद्या कुणी कागदावर एक रेघ ओढून कालव्यावर ऊसबंदी जाहीर केली तर मी तिच्याही विरोधात लिहीन.

आमच्या शहराबद्दलही दोन शब्द, नाहीतर हे पत्र एकांगी होईल. सोलापूरकरांना पाण्यावर हक्क सांगायला आवडतं, हिशोब द्यायला नाही. जुन्या पाइपांतून गळतं, ज्याची मोटर मोठी त्याला जास्त मिळतं, नव्या वसाहतींत टँकर आणि हद्दीतल्या काही भागांत गाड्या धुवायला पाइप. सांडपाणी शुद्ध करून औष्णिक वीज केंद्राने वापरावं, असं २०१६ च्या केंद्राच्या वीजदर धोरणातच आहे; शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना ते लागू होतं. शहराच्या दारातच १,३२० मेगावॉटचं केंद्र आहे. तिथे उजनीचं पाणी किती जातं आणि आमचं सांडपाणी किती जातं, हे आकडे महिन्याच्या महिन्याला लोकांना दिसायला हवेत.

मागण्या अशा:

आवर्तन ठरवायच्या आधी, आकडे काढायच्याही आधी, प्राधान्याचा क्रम लिहा आणि जाहीर करा. पिणं, नदीकाठ, कालव्याचा शेवट, कोरडवाहू गावं, उद्योग, मासेमारी, वारी: कोण आधी, कोण नंतर, आणि का. क्रम पटला नाही तर आम्ही भांडू, पण कशावर भांडायचं ते तरी कळेल.

बैठकीचं इतिवृत्त पंधरा दिवसांत मराठीत प्रसिद्ध करा. कुणी काय मागितलं, कुणी विरोध केला, नावानिशी. ज्या सदस्याचा कारखान्याशी संबंध आहे त्याने तो बैठकीच्या सुरुवातीला सांगावा. एवढ्याने कुणाची अब्रू जात नाही.

नदीत सोडलेल्या प्रत्येक आवर्तनाचा हिशोब फोडून द्या: पिण्याला किती, बंधाऱ्यांना किती, उडालं-मुरलं किती. समांतर जलवाहिनीमुळे वाचणारं पाणी कुणाला, हा विषय स्वतंत्र बैठक लावून ठरवा. त्या बैठकीत कालव्याच्या टेलचे (शेवटाचे) शेतकरी, चोवीस गावं, मच्छीमार सोसायट्या आणि पूर्व भागातल्या बायका, यांतले प्रत्येकी दोघे तरी बसवा. पाहुणे म्हणून नको. मत नोंदवायच्या हक्काने.

मृतसाठ्यात एक रेषा ठरवा, जिच्याखाली पिण्याशिवाय थेंब काढायचा नाही. ती आत्ता ठरवा. मे महिन्यात कुणालाच ती परवडणार नाही.

लाभक्षेत्रातल्या बारमाही पिकांना ठिबक बंधनकारक करायची तरतूद २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात आहे. कारखानावार किती ऊस ठिबकावर आहे ती यादी गळीत हंगामाच्या सुरुवातीला लावा. ठिबकाचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारू नका. कारखान्यानेही उचलावा, कारण वाचलेल्या पाण्यावर पुढच्या वर्षीचं गाळप त्याचंच आहे.

आणि ज्वारी, करडई, तूर हमीभावाने उचलणारी केंद्रं मंगळवेढा, मोहोळ, अक्कलकोट, सांगोला इथे हंगामाआधी उघडा. हे पाणीवाटपाच्या बैठकीचं काम नाही, असं तुम्ही म्हणाल. पण त्या बैठकीत आमदार आहेत, बाजार समित्या चालवणारे आहेत, बँका चालवणारे आहेत. तीच माणसं दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खुर्चीवर बसतात. त्यांना फक्त दालन बदलायचं आहे.

उत्तर द्यायचं असेल तर मला खासगीत बोलावू नका, पेपरातून द्या. दीर आणि भाऊ, दोघांच्याही घरी पेपर येतो.

आपली,
पूर्व भागातली एक पाणीपट्टी भरणारी,
सोलापूर